उरैयूरचा २५ रुपयांचा चिरूट आणि स्वस्त सिगारबद्दलचे माझे बदललेले मत

सांजवेळ

गेली अकरा वर्षे मी महिन्याला एखाददुसरी सिगार ओढत आलो आहे. या सगळ्या काळात एक समजूत मी कधी तपासून पाहिली नव्हती. चांगली सिगार परदेशातूनच येते, आणि आयात शुल्क व इतर कर चढून तिची जी किंमत होते ती मोजल्याशिवाय हाती काही चांगले लागत नाही, असे मी धरून चाललो होतो. या पावसाळ्यात २५ रुपयांच्या एका चिरुटाने ती समजूत मोडली, आणि ती कशी मोडली हे सविस्तर लिहावे, जाणकारांकडून त्यामागची कारणेही समजून घ्यावीत, म्हणून हा धागा काढत आहे.

उन्हाळ्यात बॉयलरच्या कामानिमित्त मी सात आठवडे तिरुचिरापल्लीत होतो. त्या शहरातला उरैयूर हा जुना भाग म्हणजे चोळांची प्राचीन राजधानी. आज तो हातमागाच्या सुती साड्यांसाठी ओळखला जातो. पण इंग्रज लोक ज्याला ‘ट्रिचिनोपोली’ म्हणत, तो चिरूटही याच भागात वळला जात असे आणि थोड्या प्रमाणात अजूनही वळला जातो. माझ्याबरोबर काम करणारे एक स्थानिक गृहस्थ मला तिथल्या एका लहानशा दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दहा चिरुटांची दोऱ्याने बांधलेली जुडी कागदात गुंडाळून दिली आणि २५० रुपये घेतले. कुठल्याही चिरुटावर कागदी पट्टी नव्हती, जुडीला डबी नव्हती, आणि दहांपैकी कोणत्याही दोघांचा रंग सारखा नव्हता. चिरुटाची दोन्ही टोके सरळ कापलेली आणि उघडी असतात, त्यामुळे ओढण्यापूर्वी टोक कापावे लागत नाही.

पहिला चिरूट मी त्याच रात्री ओढला आणि तो अगदी वाईट लागला. नाकात अमोनियाचा उग्र वास शिरत होता, धूर घशाला टोचत होता, आणि एका बाजूने भराभर जळत दुसऱ्या बाजूने तो विझत होता. दहा-बारा मिनिटांत मी तो टाकून दिला. उरलेले नऊ पुण्याला आणले, देवदाराच्या पेटीत ठेवले आणि पेटीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास राखली. हे मी विशेष आशेने केले असे नाही. पेटीत जागा होती, इतकेच कारण होते.

सात आठवड्यांनी, आषाढातल्या एका संध्याकाळी पाऊस नुकताच उघडला असताना, गॅलरीत बसून मी त्यातला दुसरा चिरूट पेटवला. पहिल्या दोन-तीन झुरक्यांत मिरीचा तिखटपणा आला आणि लगेच ओसरला. त्यानंतर भाजलेल्या धण्यांची आठवण करून देणारा खमंगपणा, मध्यावर काकवीसारखा गडद आणि किंचित कडवट गोडवा, आणि शेवटच्या तिसऱ्या भागात नारळाची करवंटी जळताना येतो तसा कोरडा वास, अशी त्याची चव बदलत गेली. अमोनियाचा मागमूस नव्हता. जळण्याची कड जवळजवळ सरळ राहिली, मला तो एकदाही पुन्हा पेटवावा लागला नाही, आणि चाळीस मिनिटे तो पुरला. एकच खोट जाणवली ती म्हणजे राख. पांढरी, घट्ट, बोटभर टिकणारी राख चांगल्या सिगारची खूण मानतात, आणि याची राख काळपट होती व पापुद्रे सुटून पडत होती.

किंमत पाहता बरा होता, असे मला म्हणायचे नाही. किंमत बाजूला ठेवली तरी तो चांगला होता, आणि मला आश्चर्य वाटले ते याचे. तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. सात आठवड्यांत त्याच पानात एवढा फरक कशाने पडला? आणि हा चिरूट इतका स्वस्त का आहे?

जुनी छावणी

आपण राखेला खोट म्हणालात, म्हणून आधी तेवढेच लिहितो. शेरलॉक होम्सची पहिली कथा १८८७ साली छापली गेली. तीत खोलीत सांडलेल्या राखेवरून खुनी माणूस ट्रिचिनोपोली ओढत होता हे होम्स ओळखतो, आणि त्याने सांगितलेली खूण हीच आहे : गडद रंगाची, पापुद्र्यांची राख. लंडनमधल्या वाचकाला तिरुचिरापल्लीच्या चिरुटाचे नाव सांगितले की निराळे काही समजावून द्यावे लागत नव्हते, इतका हा माल त्या काळी इंग्लंडात परिचित होता. आपल्याला मिळालेली राख ही त्या मालाची जुनी ओळख आहे.

आता शब्दाबद्दल. तमिळमध्ये ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी, वळलेली वस्तू. त्यावरून पोर्तुगिजांचा शब्द आला, जो त्यांच्या भाषेत आजही सर्वसाधारण सिगारसाठी चालतो, इंग्रजांचा ‘शेरूट’ आला, आणि आपला ‘चिरूट’ही त्याच कुळातला. आमच्या घरी आजोबांच्या बोलण्यात ‘सिगार’ हा शब्द कधी नव्हता. ते छावणीतल्या साहेबांबद्दल बोलताना ‘चिरूट’ असेच म्हणत. तिरुचिरापल्लीचा चिरूट वळला जाई तो मुख्यतः दिंडिगुलच्या बाजूच्या तंबाखूतून. मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचा सिगारचा कारखाना दिंडिगुललाच होता. म्हणजे पान जवळचे, वळणारे हात जवळचे, आणि गिऱ्हाईक समुद्रापलीकडचे, असा तो व्यवहार होता. आज ते गिऱ्हाईक राहिलेले नाही. स्वस्ताईचे एक कारण मला हे दिसते.

निपाणीचा शेतकरी

मी विडीची तंबाखू पिकवतो. चिरुटाची कधी केलेली नाही, परंतु पान ते पानच, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

हिरव्या पानात प्रथिने असतात. पान वाळवून त्याचे ढीग लावले की ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, पान आतून मुरायला लागते, प्रथिने मोडतात आणि अमोनिया बाहेर पडतो. हे ढीग ठरावीक दिवसांनी फोडून, वरचे पान खाली आणि आतले बाहेर असे करून पुन्हा रचावे लागतात. जितकी उलथापालथ व्यवस्थित आणि जितका काळ जास्त, तितका उग्रपणा कमी. ज्याला माल लवकर विकून पैसा मोकळा करायचा आहे तो यातला काळ कापतो. त्यात वळताना पान लवचीक व्हावे म्हणून त्याला ओल देतात, आणि ओल लागली की थांबलेले मुरणे पुन्हा थोडे सुरू होते. आपण दुकानातून आणलेला चिरूट बहुधा वळून थोडेच दिवस झालेला असावा. त्याचे उरलेले मुरणे आपल्या पेटीत पूर्ण झाले, आणि जी ओल त्याला एका बाजूने विझवत होती ती उतरून सगळीकडे सारखी झाली.

जळण्याबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पानात पालाश (पोटॅशियम) पुरेसे असेल तर पान धुमसत राहते. क्लोराइड जास्त असेल तर ते विझते, मग कोणी कितीही कुशलतेने वळलेले असो. म्हणून ज्या विहिरीच्या पाण्यात क्षार जास्त आहेत तिथले पान ओढण्यासाठी कमी कामाचे ठरते, आणि तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश हे खत देऊ नये असे आम्हाला सांगितले जाते, कारण त्यातून क्लोराइड जाते. राखेच्या पांढरेपणात मॅग्नेशियमचा वाटा मोठा असतो. आपल्या चिरुटाची राख काळी असूनही तो न विझता चाळीस मिनिटे चालला, यावरून असा अंदाज करता येतो की पान चांगल्या जमिनीतले आणि गोड्या पाण्यावरचे असावे. राखेच्या रंगावरून चवीचा निवाडा करू नये.

न्यूजर्सीकर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल इकडचा अनुभव सांगतो, कारण स्वस्त सिगार इथेही मिळते आणि तिच्यामागची कारणे बऱ्याच अंशी उघड आहेत.

अमेरिकेने १९६२ साली क्यूबाच्या व्यापारावर बंदी घातली. त्याआधी आणि त्यानंतर क्यूबातून बाहेर पडलेल्या तंबाखूवाल्यांनी आपले बियाणे आणि आपले कसब निकाराग्वातील एस्तेली, होंडुरासमधील दानली आणि डोमिनिकन प्रजासत्ताक इथे नेले. आज इथल्या दुकानांत मिळणाऱ्या हातवळणीच्या सिगारींपैकी बहुतेक त्या तीन देशांतून येतात. त्याच कारखान्यांतून वीस किंवा पंचवीस सिगारींच्या जुड्याही येतात, ज्यांना लाकडी पेटी नसते आणि पुष्कळदा पट्टीही नसते. त्यांतल्या काही म्हणजे रंगाचा डाग पडला, वरच्या पानाची शीर जाड निघाली किंवा छटा जुळली नाही म्हणून बाजूला काढलेला माल असतो. आतले पान बऱ्याचदा महाग मालातलेच असते. मी अशी जुडी पहिल्यांदा घेतली तेव्हा सिगारमागे तीन डॉलर पडले होते, आणि मलाही आपल्यासारखाच सुखद धक्का बसला होता.

सिगारीचे तीन भाग असतात : आतला भरणा, तो धरून ठेवणारे बांधणीचे पान, आणि दिसणारे वरचे पान. यांत वरचे पान सर्वांत महाग. त्याला अळीचे एकही भोक चालत नाही, त्याच्या शिरा बारीक लागतात, आणि कनेक्टिकटमध्ये तर ते कापडाच्या मांडवाखाली सावलीत वाढवतात. म्हणजे दहापट किंमत मोजणारा माणूस पुष्कळ अंशी त्या एका पानाचे रूप, पेटी, पट्टी आणि कर यांचे पैसे देत असतो. स्वस्तपणाचा दुसरा मार्ग भरण्यातला आहे. अखंड लांब पानांऐवजी तुकडे वापरले की खर्च उतरतो, पण सिगार तापते, शेवटी कडू होते आणि तोंडात कण येतात. आपण तो चिरूट उलगडून पाहिला आहे का? त्याशिवाय तो कोणत्या कारणाने स्वस्त आहे हे कळणार नाही.

माझ्या मनात एक शंकाही आहे, ती न लपवता लिहितो. वळणाऱ्याला किती मिळते हे समजेपर्यंत २५ रुपये या आकड्याचा आनंद मला पुरता घेता येत नाही.

दंतवैद्य

धाग्याचा विषय चवीचा आहे हे मला मान्य आहे, तरीही माझ्या खुर्चीत बसणारे रुग्ण डोळ्यांसमोर असताना मी गप्प राहू शकत नाही. सिगार आणि चिरुटाची तंबाखू हवेवर किंवा उन्हात वाळवलेली व मुरवलेली असते आणि तिचा धूर अल्कधर्मी असतो. त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. धूर छातीत घेत नाही म्हणून अपाय नाही, हा समज चुकीचा आहे. मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि तोंडाचा, घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग यांचा सिगारशी असलेला संबंध सिद्ध झालेला आहे. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे तिकडचा चिरूट, पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे आणि तशा ओढणाऱ्यांत टाळूचा कर्करोग आढळतो. गोव्यातली धुमटी, म्हणजे पानात वळलेली तंबाखू, हीही काही जण तशीच उलटी ओढत. स्वस्त आणि चवदार माल मिळाला की महिन्याची एक सिगार आठवड्याची एक होते, हे मी पाहिलेले आहे. आपण तसे होऊ देऊ नये, एवढी विनंती.

सांजवेळ

सर्वांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

दंतवैद्य, आपली विनंती मी मनापासून स्वीकारतो. सात आठवडे मुरवण्याची अट पाळली तर वारंवार ओढणे आपोआप अवघड होते, परंतु केवळ त्या भरवशावर न राहता मी पेटीच्या झाकणावर आतून कागद लावला आहे आणि प्रत्येक चिरुटाची तारीख त्यावर लिहितो. महिन्याला एक, याहून जास्त नाही.

न्यूजर्सीकर, आपले वाचल्यावर मी एक चिरूट पाण्याच्या वाफेवर किंचित नरम करून पात्याने उभा चिरला. आत पाच पाने निघाली, त्यांतली तीन टोकापासून टोकापर्यंत अखंड होती आणि दोन अर्धवट तुटलेली होती. बारीक चुरा जवळजवळ नव्हता. बांधणीचे पान वेगळे निघाले, पण ते आणि वरचे पान एकाच जातीचे दिसत होते. वरच्या पानाला दोन ठिकाणी पिनच्या टोकाएवढी भोके होती आणि मधली एक शीर चांगली ठळक होती. म्हणजे आपण सांगितलेल्या दोन मार्गांपैकी हा चिरूट पहिल्या मार्गाने स्वस्त झालेला आहे. पैसा वाचवला तो रूपावर, भरण्यावर नाही. पाने घट्ट न पिळता पंख्यासारखी दुमडून, मध्ये हवेला वाट ठेवून बसवलेली होती. ते पाहताना वळणाऱ्याच्या हाताबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला, तो ओढतानाही झाला नव्हता.

चिकित्सक वाचक

मूळ लेखातले वर्णन सुंदर आहे, पण त्यावर माझा एक आक्षेप आहे. पहिला चिरूट वाईट लागला, त्यामुळे दुसऱ्याकडून अपेक्षा शून्यावर आली. पाऊस उघडलेला, संध्याकाळ, गॅलरी, सुट्टी. अशा वेळी कोणतीही बरी गोष्ट चांगली वाटते. जसा महाग वस्तूचा मोठेपणा किमतीमुळे मनात शिरतो, तसाच स्वस्त वस्तूचा गोडवाही किमतीमुळेच शिरू शकतो. किंमत बाजूला ठेवली तरी तो चांगला होता, हे आपले विधान सिद्ध करायचे असेल तर किंमत खरोखर बाजूला ठेवून पाहावी लागेल.

तंजावरी

आमचे घराणे तंजावरच्या मराठ्यांपैकी, घरात जुन्या वळणाची मराठी आणि बाहेर तमिळ. थोरल्या काकांना मी रोज जेवणानंतर सुरुट्टु ओढताना पाहिले आहे, म्हणून तीन गोष्टी सुचवतो. चिरूट ७० टक्के आर्द्रतेत ठेवू नये, आपले ६५ योग्य आहे, कारण हे पान जाड असते आणि ओल धरून ठेवते. पेटवताना ज्योत पानाला टेकवू नये. काका काडी खाली धरून चिरूट हळूहळू फिरवत आणि कड सगळीकडून लाल झाल्यावरच पहिला झुरका घेत. तिसरी गोष्ट घाईची. मिनिटाला एकापेक्षा जास्त झुरके घेतले की पान तापते आणि सगळी काकवी करपते. पहिल्या रात्री वाईट लागण्यात ओलीइतकाच घाईचाही भाग असेल, असे मला वाटते.

पुण्याच्या उन्हाळ्यात पेटीकडे लक्ष ठेवा. साधारण चोवीस अंशांच्या वर तापमान गेले की पानात असलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटू शकतात आणि मग टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात. आपल्याला वरच्या पानावर दिसलेली दोन भोके एकदा भिंगाखाली पाहा. भोकाशी पीठासारखी पूड असेल तर उरलेले चिरूट बंद पिशवीत घालून तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि बाहेर काढताना आधी एक दिवस खालच्या कप्प्यात आणा, नाहीतर वरचे पान तडकते.

निपाणीचा शेतकरी

न्यूजर्सीकर यांच्या शंकेला पुष्टी देतो. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायकांना हजारी हिशेबाने मजुरी मिळते, आणि पान खराब निघाले तर तूट त्यांच्या अंगावर येते. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीला मोठे आंदोलन झाले, आणि त्या आंदोलनाच्या आठवणी आमच्या घरात अजून निघतात. स्वस्त माल चांगला निघाला याचा आनंद मलाही आहे, कारण त्यात कोणाच्या तरी शेतीचे कौतुक आहे. परंतु पान पिकवणारा, मुरवणारा, वळणारा आणि विकणारा हे सगळे त्या २५ रुपयांत बसवायचे आहेत, हा हिशेब ओढणाऱ्यानेही एकदा मांडून पाहावा.

सांजवेळ

चिकित्सक वाचक यांचा आक्षेप मला इतका रास्त वाटला की मी तीन रविवार त्यासाठी दिले. एका मित्राने तीन सिगारी निवडल्या : उरैयूरचा चिरूट, ७०० रुपयांची एक आयात सिगार आणि १,४०० रुपयांची दुसरी. पट्ट्या काढल्या, बंद टोके कापली, आणि माझे डोळे बांधून दर रविवारी एक पेटवून हातात दिली. क्रम मला माहीत नव्हता. मी जे सांगत गेलो ते त्याने लिहून घेतले आणि शेवटी गुण विचारले.

पहिल्या रविवारच्या सिगारीला मी दहापैकी आठ दिले. ती १,४०० रुपयांची होती आणि तिचा मऊपणा चिरुटाला नाही, हे मोकळेपणाने कबूल करतो. दुसऱ्या रविवारी मी सात दिले. मिरी आली तेव्हा हा चिरूट असावा असा संशय मला आला होता, म्हणून ही परीक्षा पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही, पण तो उरैयूरचाच निघाला. तिसऱ्या रविवारच्या सिगारीला मी पाच दिले. ती सुरुवातीपासून फिकी होती, अर्ध्यावर गाठ लागल्यासारखी कोंदली आणि दोनदा पुन्हा पेटवावी लागली. ती ७०० रुपयांची होती. तीन सिगारींवरून नियम काढता येत नाही. मात्र जो चिरूट मी किंमत ऐकून हसण्यावारी नेला असता, तो डोळे बांधल्यावर अठ्ठावीसपट महाग सिगारीच्या पुढे गेला, एवढे माझ्यापुरते पक्के झाले.

तंजावरी, भिंगाखाली पाहिले. पूड नाही, भोकांच्या कडा तपकिरी आणि जुन्या आहेत, म्हणजे ती शेतातल्या अळीची असावीत. तरीही आपण सांगितल्याप्रमाणे सगळे चिरूट तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवून, मग एक दिवस खाली आणून पेटीत परत ठेवले आहेत. काडी खाली धरून फिरवण्याची आपल्या काकांची रीतही करून पाहिली, आणि सुरुवातीचा तिखटपणा खरोखर निम्म्यावर आला.

निपाणीच्या आणि न्यूजर्सीच्या मित्रांच्या हिशेबाला माझ्याकडे आज उत्तर नाही. पौष महिन्यात त्याच कामासाठी मला पुन्हा तिरुचिरापल्लीला जायचे आहे. या वेळी दुकानात न थांबता, जिथे हे चिरूट वळले जातात त्या जागी जाऊ द्यावे अशी विनंती मी मला त्या दुकानात घेऊन गेलेल्या गृहस्थांना केली आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. वळणाऱ्याला शेकड्यामागे काय मिळते, पान किती महिने ढिगात राहते आणि विहिरीचे पाणी कसे आहे, हे तिन्ही विचारून इथेच लिहीन. पेटीत आता सहा चिरूट आहेत. त्यातला एक मी तोपर्यंत मुद्दाम ठेवणार आहे, म्हणजे आठ महिने मुरलेला आणि नवा असे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.